झाकली मूठ आणि बारा भोके

इलेक्ट्रिक गिटार आपल्यापैकी बहुतेकांनी स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर पाहिलेली असते. तिचे डोके उलटे करून मागची बाजू न्याहाळण्याचा प्रसंग मात्र फार थोड्यांवर येतो. ज्यांच्यावर तो आला असेल त्यांना एक गोष्ट ठाऊक असेल. गिटार कुणाच्या हातून गेली, कुणी तिच्यावर प्रयोग केले आणि कुणी ते प्रयोग लपवण्याची खटपट केली, हे सारे तिथे लिहिलेले असते. लिपी तेवढी वेगळी : स्क्रूची भोके, लॅकरवर उमटलेली वळी आणि रंगातल्या सावल्या.

मी हे काम हौसेने करतो. वर्गात साहित्यशास्त्र शिकवायचे आणि रविवारी विद्यार्थ्यांच्या, मित्रांच्या गिटारी दुरुस्त करायच्या, असा माझा क्रम. गिटारचा एखादा भाग बदलल्यावर जुन्या भागाची जी खूण मागे उरते, ती लपवावी की लपवू नये, आणि लपवायची तर कुणापासून, या प्रश्नावर मला काही म्हणायचे आहे. प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण या क्षुल्लक भोकांपायी बाजारात लाखांचे फरक पडतात आणि क्वचित माणसामाणसांतही अंतर पडते.

आधी भोके कशी पडतात ते सांगतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कॅलमाझू गावी गिब्सनचा जुना कारखाना होता. १९५० च्या दशकात तिथे बनणाऱ्या लेस पॉल गिटारींना क्लूसन बनावटीच्या खुंट्या असत. प्रत्येक खुंटीची पत्र्याची डबी दोन बारीक स्क्रूंनी, एक वर आणि एक खाली, बसवलेली. सहा खुंट्या, बारा भोके. या खुंट्या हलक्या होत्या, दिसायला सुबक होत्या, पण जुन्या झाल्या की सूर धरीनात. तेव्हा वादकांनी त्या काढून ग्रोव्हर कंपनीच्या जड, बंद पेटीच्या खुंट्या बसवायला सुरुवात केली. ग्रोव्हरला लागते सुमारे १० मिलिमीटरचे भोक. क्लूसनचे त्याहून अरुंद. म्हणजे भोक रुंद करणे आले. शिवाय ग्रोव्हरला स्वतःचा एकेक स्क्रू हवा, त्याची सहा नवी भोके. जुन्या बारांपैकी काही नव्या पेटीखाली झाकली जातात, काही तशीच उघडी राहतात. पुढे कुणाला क्लूसनच परत बसवाव्याशा वाटल्या, तर आता ग्रोव्हरची सहा भोके उरतात.

खुंट्यांची ही गोष्ट सर्वांत साधी. कुणी पिकअप बदलतो, कुणी ब्रिज. कुणी पॉल बिग्जबीने काढलेला, दांडी दाबून सूर हलवायचा साज बसवतो आणि पाच वर्षांनी काढून टाकतो. १९७९ मध्ये फ्लॉइड रोजला त्याच्या साजाचे पेटंट मिळाले, आणि पुढच्या दशकात हा साज बसवण्यासाठी किती तरी जुन्या स्ट्रॅटोकास्टर गिटारींच्या अंगात पटाशी आणि यंत्र चालले. त्या वेळी त्या जुन्या गिटारी म्हणजे नुसत्या वापरलेल्या गिटारी होत्या. त्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून सोवळ्यात ठेवण्याची रीत नंतर रुळली. ज्यांनी भोके पाडली त्यांना आज अडाणी ठरवणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. त्यांना वाजवायचे होते. वाद्य वाजवण्यासाठी असते हे त्यांनी गृहीत धरले, यात त्यांचा काय गुन्हा?

आपल्या तंबोऱ्याचे पाहा. घोडीची जवारी बिघडली की ती पुन्हा घासून काढतात. दर वेळी घोडीचा थोडा भाग जातो. खुंटी घसरू लागली की तिला खडू लावतात, फारच सैल झाली तर जाड खुंटी घालतात. जवारी काढलेला तंबोरा ‘मूळचा राहिला नाही’ असे म्हणणारा गवई मला अजून भेटायचा आहे. गिटारच्या बाबतीत मात्र एक मूळ स्क्रू बदलला तरी बाजार नाक मुरडतो.

आता लपवण्याची कला. ती कलाच आहे, आणि इथे थोडा वेळ रेंगाळण्याची वाचकांनी मला मुभा द्यावी.

बारीक भोकाचा सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे टूथपिक. तिला सरस लावायचा, भोकात ठोकायची, पात्याने कापायची, वर रंगाचा थेंब. स्क्रू पुन्हा त्याच जागी बसवायचा असेल तर हा उपाय उत्तम. खूण लपवायची असेल तर वाईट, कारण टूथपिकचा जो भाग वर दिसतो तो लाकडाचा आडवा काप असतो. झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची उघडी तोंडेच ती. ती रंग अधाशासारखी पितात आणि भोवतालच्या लाकडापेक्षा काळी पडतात. एका भोकाच्या जागी एक काळा ठिपका, एवढाच फरक. जाणता कारागीर म्हणून तशाच लाकडाचे, महॉगनीला महॉगनीचे, एक छोटे बूच फळीच्या अंगाने कापून घेतो. असे बूच घेतले की त्याच्या रेषा गिटारच्या रेषांना समांतर फिरवून बसवता येतात. भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरणे हा आपल्याकडचा आवडता उपाय दाराच्या चौकटीला शोभतो. त्या लगद्याला रेषाच नसतात, आणि वाळलेला सरस रंगही पीत नाही.

मग रंग. जुन्या अमेरिकन गिटारींवर नायट्रोसेल्यूलोज लॅकर असे. त्याचा एक मोठा गुण असा की नवा थर जुन्या थराला किंचित विरघळवून त्यात मिसळतो. दोन थरांमध्ये सीमारेषा राहत नाही. म्हणून बुचावर रंगीत लॅकरचा एक थेंब टाकायचा, वाळू द्यायचा, पुन्हा टाकायचा, असे करत भोवतालच्या पृष्ठभागापेक्षा किंचित उंच टेकडी तयार करायची. दाढीच्या पात्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे पाते मधल्या टेकडीलाच लागते, आजूबाजूला ओरखडा पडत नाही. टेकडी सपाट झाली की दोन हजार नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवायचा आणि शेवटी मऊ फडक्याने चकाकी आणायची. रफूगार जसा त्याच कापडाच्या कडेचा धागा काढून त्याच कापडात विणतो, तसेच हे काम. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पॉलिएस्टरसारखे जे टणक लेप आले, त्यांच्यावर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे नवा थेंब जुन्याशी नाते जोडत नाही, नुसता शेजारी बसतो.

भोके बुजतात, सावल्या बुजत नाहीत. उन्हाने, हवेने, विड्यांच्या धुराने लॅकर पिवळे पडते. पण जिथे चाळीस वर्षे एखादा पत्रा बसलेला होता, तिथे खालचा रंग तरुणच राहतो. १९५८ ते १९६० या तीन वर्षांत गिब्सनने सनबर्स्ट रंगाच्या ज्या लेस पॉल बनवल्या (सुमारे दीड हजार, आणि आज त्यांच्या किमती ऐकून घेरी यावी), त्यांपैकी पुष्कळांचा लाल रंग उन्हात उडून मधासारखा किंवा लिंबासारखा झाला आहे. त्याच गिटारीवरचा एखादा भाग उचलला की खाली लालभडक ठसा दिसतो. या ठशावर कितीही लॅकर टाका, तो हटत नाही, कारण तो मुळात डाग नाहीच. खरा रंग तोच आहे. उरलेली सारी गिटार हाच डाग आहे! या विचाराने मी दर वेळी थोडा चकित होतो.

काही गिटारींत झाकण्याची सोय जन्मतःच असते. लिओ फेंडर हा माणूस मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. त्याने १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर अशी योजली की पिकअप, बटणे, तारा सारे एका प्लास्टिकच्या पत्र्यावर बसते. पत्र्याखाली कितीही कोरा. पत्रा बदलला की बाहेरून पाप दिसत नाही. गिब्सनचे तसे नाही. तिथे नक्षीदार मेपलचे लाकूड उघडेच असते, आणि जे होते ते चारचौघांत होते.

गिब्सननेच झाकण्याचा एक प्रकार केला होता, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा तो आधार आहे. १९५८ साली त्यांची ईएस-३३५ ही गिटार आली. काही गिऱ्हाइकांना ती बिग्जबीचा साज लावून हवी असे. पण नेहमीच्या टेलपीसच्या खिळांची दोन भोके अशा गिटारींनाही पाडलेली असत. मग कारखान्याने काय करावे? त्या भोकांवर एक छोटी काळी प्लास्टिकची पट्टी बसवली आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत कोरले : ‘कस्टम मेड’. काहींवर पट्टीऐवजी शिंपल्याचे दोन ठिपके. आता या पट्टीत थोडी चलाखी आहे हे उघड आहे. भोक हे भोकच, त्याला ‘खास आपल्यासाठी’ म्हणणे हा दुकानदारी विनोद आहे. पण ती पट्टी भोके झाकते तशी ‘इथे काही आहे’ हेही सांगते. साठ वर्षांनंतरही ती पट्टी पाहिली की जाणकाराला खाली काय आहे ते न उचलता कळते.

याच्या उलट टोकाला आजचा बाजार आहे. जुनी गिटार ‘हात न लागलेली’ असेल तर एक भाव. खुंट्या बदलल्या असतील तर कमी. पुन्हा रंगवली असेल तर त्याहून पुष्कळ कमी. आवाजात तसूभर फरक नसला तरी. म्हणून खुणा लपवण्याची कला डोळ्यांच्या सुखासाठी न राहता खिशाच्या सुखासाठी वापरली जाते. आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे ती म्हण शब्दशः खरी होते, आणि मूठ उघडू नये म्हणून कारागिराला मजुरी मिळते. दुसऱ्या बाजूने अतिनील दिवे घेऊन तपासणारे निघाले आहेत. त्या दिव्याखाली जुने लॅकर हिरवट-पिवळे चमकते आणि नवा थेंब काळा डोळा करून बघतो.

आणखी गंमत पुढेच आहे. १९९५ पासून फेंडर कंपनी नव्या गिटारींवर मुद्दाम ओरखडे, गंज आणि उडालेला रंग करून ‘रेलिक’ या नावाने विकू लागली, आणि त्यांना गिऱ्हाईक मिळाले. एकाच दुकानात एका भिंतीवर जुनी गिटार, जिच्या खऱ्या खुणा पैसे देऊन पुसलेल्या. आणि समोरच्या भिंतीवर नवी गिटार, जिच्या खोट्या खुणा पैसे देऊन काढलेल्या. कुणी म्हणेल, यात कुणाची फसवणूक आहे? नव्या गिटारीवर ती नवी असल्याचे लिहिलेले असते. मान्य. म्हणून रेलिकवाल्यांशी माझे भांडण नाही. हसू येते एवढेच. भांडण आहे ते पहिल्या भिंतीशी.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ १९७० च्या दशकातली एक अमेरिकन गिटार घेऊन आले. आधीच्या मालकाने तिला मोठ्या खुंट्या बसवल्या होत्या. यांनी त्या काळच्या मूळ नमुन्याच्या खुंट्या मिळवल्या होत्या. त्या बसवून सहा भोके अशी बुजवायची की कुणाला कळू नये, आणि गिटार ‘हात न लागलेली’ म्हणून विकायची, असा बेत त्यांनी मोकळेपणाने सांगितला. मी म्हणालो, भोके बुजवून देतो, चांगली बुजवतो. पण पिकअपच्या खाचेत पेन्सिलीने तारीख आणि काय काय केले ते लिहीन, आणि घेणाऱ्याला तुम्ही सांगावे. ते हसले. “अहो सर, गिटार माझी, भोके माझी. मी काय चोरी करतोय?” आणि गिटार उचलून गेले. ते आमच्या नात्यातले नसले तरी जुन्या ओळखीचे. त्यानंतर त्यांचे येणे थांबले.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता आमच्याच महाविद्यालयातला एक विद्यार्थी गिटार घेऊन आला. मी ती ओळखली. शिकवण्या करून साठवलेले पैसे आणि वर घरून घेतलेले, असे मिळून त्याने ती घेतली होती. “सर, हे बघा ना, हे कसले डाग आले?” प्रत्येक खुंटीच्या कडेला अर्धवट दिसणारा एकेक काळसर ठिपका. कुणी तरी ती टूथपिकने बुजवली होती. लॅकर वाळत वाळत महिनोन्महिने आत बसत जाते, आणि आपल्या पावसाळी हवेत बूच आणि भोवतालचे लाकूड सारखे फुगत नाही. भोक आपली कडा स्वतःच वर आणून दाखवते. मी त्याला काय होते ते सांगितले. त्याने पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा नव्हता. “म्हणजे ही खोटी आहे का, सर?”

गिटार खरी होती. आवाज सुरेख होता, आजही आहे. खोटे होते ते फक्त एक वाक्य, आणि त्या वाक्याची किंमत त्याने मोजली होती. पण त्या दिवसापासून तो ती वाजवताना अधूनमधून उलटी करून बघतो, हे मी पाहिले आहे. त्या गृहस्थांच्या खिशात किती रुपये जास्त गेले ते मला ठाऊक नाही. या मुलाचे काय गेले ते मात्र डोळ्यांसमोर आहे.

मग काय, खुणा उघड्याच ठेवाव्यात? तसे म्हणणारा एक पंथ आहे. एडी व्हॅन हेलनची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही त्यांची देवता : जोडलेले भाग, उघड्या खाचा, चिकटपट्टीने आखून उडवलेले रंगाचे पट्टे, आणि साजाला टेकू म्हणून स्क्रूने बसवलेले १९७१ चे पाव डॉलरचे नाणे. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ती मांडली होती. एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये नॅशव्हिलला घेतलेल्या जुन्या स्ट्रॅटोकास्टरांपैकी तिघींचे भाग एकत्र करून ‘ब्लॅकी’ केली. २००४ च्या लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर मिळाले. पण हा नियम थोरांचा. क्लॅप्टनने भाग बदलले तर इतिहास. आपण बदलले तर तोडफोड. शिवाय उघडे भोक कुरूप दिसते, त्यात घाम आणि मळ जातो, कडेचे लॅकर उडू लागते. आपले वाद्य नीटनेटके दिसावे असे वाटण्यात लाजण्यासारखे काही नाही.

मला ब्रायन मेचे उदाहरण जवळचे वाटते. १९६३ मध्ये त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरीच गिटार करायला घेतली. तिची मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महॉगनीची. त्या लाकडाला किड्यांनी पाडलेली भोके होती. ती त्यांनी आगकाड्या भरून बुजवली. जागा दाखवणारे ठिपके आईच्या शिवणाच्या पेटीतल्या शिंपल्याच्या बटणांचे. आगकाड्यांची ही हकिगत त्याने कधी लपवली नाही, उलट कौतुकाने सांगितली. भोके डोळ्यांपासून झाकली, माणसांपासून नाही.

कलेच्या विद्यार्थ्यांना हा विचार नवा वाटू नये. रोमच्या केंद्रीय पुनरुद्धार संस्थेत १९४० च्या दशकात चेझारे ब्रांदी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खराब झालेली भित्तिचित्रे दुरुस्त करण्याची एक पद्धत रुजवली. रंग उडालेली जागा सलग रंगाने न भरता बारीक उभ्या रेषांनी भरायची. दुरून पाहणाऱ्याला चित्र अखंड दिसते, आणि जवळ गेले की रेषा दिसतात : इथे मूळ चित्रकाराचा हात नाही. दुरून खटकू नये, जवळून फसवू नये. हाच कायदा मी गिटारला लावू इच्छितो. रंगमंचापासून पहिल्या रांगेपर्यंतचे अंतर हे डोळ्यांचे अंतर. तिथे भोक दिसू नये. विकत घेणाऱ्याच्या हातापासून त्याच्या नाकापर्यंतचे अंतर हे व्यवहाराचे अंतर. तिथे ते लपू नये.

कुणी म्हणेल, हे बोलायला सोपे. विकणाऱ्याचे नुकसान कोण भरून देणार? भोके त्याने पाडलेली नसतात, आणि त्यालाही कुणी तरी फसवलेले असू शकते. हा आक्षेप खरा आहे. माझे उत्तर फार समाधानकारक नाही. जो खोटा भाव मुळात मिळायचाच नव्हता, तो न मिळणे हे नुकसान नव्हे. आणि ज्याला फसवले गेले त्याने भार पुढच्यावर ढकलला, तर साखळीच्या शेवटी बहुधा सर्वांत तरुण, सर्वांत कमी पैशांचा आणि सर्वांत कमी जाणकार माणूस उभा असतो.

पेन्सिलीने लिहिण्याची कल्पना माझी नाही. १९५० च्या दशकात फेंडरच्या कारखान्यातले कामगार गिटारच्या मानेच्या टाचेवर पेन्सिलीने तारीख आणि आद्याक्षरे लिहीत. खाचेत चिकटवलेल्या कागदी पट्टीवर कधी कधी एखाद्या कामगार बाईचे नाव असे. चार स्क्रू सोडवून मान वेगळी केल्याशिवाय ते दिसत नाही, म्हणून गिटारच्या देखणेपणात काही बाधा येत नाही. ज्यांनी ती घडवली त्यांनी लिहिले. मग ज्यांनी ती बदलली त्यांनी का लिहू नये? ‘अमुक तारखेला खुंट्या बदलल्या, सहा भोके महॉगनीने बुजवली’, एवढ्या ओळीला जागा कितीशी लागते? आमच्या महाविद्यालयाच्या संगीत मंडळाच्या दोन गिटारींत मी हे लिहिले आहे. त्या विद्यार्थ्याच्या गिटारीतही आम्ही दोघांनी मिळून लिहिले, काळे ठिपके उकरून काढून नव्याने बुचे बसवल्यावर. अक्षर त्याचे आहे.

हे करू इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना. पेन्सिल साधी एचबी घ्यावी, आणि लिहायचे ते खाचेतल्या उघड्या लाकडावर. मार्कर वापरू नये. त्यावर कधी लॅकरचा थेंब उडालाच तर शाई विरघळून पसरते आणि ओळ वाचता येत नाही.